भोकं पडलेली पानं

आज मैत्रिणीच्या सेंद्रिय शेतात दिवसभर खुरपणी केली. कंबर धरलीय, हात अजून हिरवे आहेत. खुरपं घातलं की भुसभुशीत माती आणि त्यात वळवळणारी गांडुळं! तणनाशक चालत नाही, म्हणून हे तण हातानेच काढायचं. महाग का मिळतं हा माल, ते आज कंबरेला कळलं.

‘सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही’ हा माझा (वर्षानुवर्षं जपलेला) समज तिने बांधावरच मोडला. तांब्याची काही संयुगं, वनस्पतींचे अर्क चालतात. कृत्रिम कीटकनाशकं आणि युरिया नाही. मी जास्त जीवनसत्त्वांच्या आशेने घेत होते, त्याचे पुरावे तसे तोकडेच. कीटकनाशकांचे अवशेष मात्र खरंच कमी सापडतात. मला तेवढं पुरे.

युरियासारख्या नत्रखतांचा जास्तीचा अंश पाण्यात उतरतो. शिवाय त्यांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, वजनाला वजन धरलं तर, शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. शेणखतातूनही तो थोडा सुटतोच, हेही तिनेच सांगितलं.

येताना तिने पालेभाजीची जुडी दिली. लेकीने पानांवरची भोकं बघून विचारलं, ‘‘आई, हे आधी कुणी खाल्लंय?’’