कोळसा कापणाऱ्या पिकची सुधारित रचना : माझा अनुभव

नाशिकच्या जमिनीखाली कोळसा नाही, सगळा बेसॉल्ट. तरीही अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याकडे भूमिगत खाणीतील कंटिन्युअस मायनरच्या, म्हणजे सलग कोळसा कापत जाणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या ड्रमवर बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पिकचे (कापणाऱ्या दातांचे) काम आले. मागणी एवढीच होती, की टोक लवकर झिजते, तेव्हा तिथे अधिक कठीण कार्बाइड (टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधून केलेला पदार्थ) वापरा.

मी आधी वापरून झालेली पिक मागवून घेतली. बहुतेकांची झीज एकाच बाजूला झालेली होती. असे पिक ड्रमवरील होल्डरमध्ये (पिक धरून ठेवणाऱ्या खोबणीत) मुद्दाम सैल बसवतात, जेणेकरून कापताना ते स्वतःभोवती फिरावे आणि चहूबाजूंनी सारखे झिजून टोकदार राहावे. कोळशाची भुकटी व पाणी यांचा चिखल साचून ते अडकले, की एक बाजू सपाट होते आणि टोक कोळसा फोडण्याऐवजी घासू लागते. मग वीज जास्त लागते, श्वासातून जाणारी बारीक धूळ वाढते आणि मध्ये क्वार्ट्झयुक्त वालुकाश्माचा पट्टा आला, तर घर्षणाने तापलेल्या दगडावर मिथेन पेटू शकतो. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला की तो स्फोटक ठरतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ पिकच्या किमतीचा नव्हता.

कार्बाइड अधिक कठीण करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे त्यातला कोबाल्ट कमी करणे; पण त्याने आघात सोसण्याची क्षमता घटते आणि टोक झिजण्याऐवजी तुटते. खरेदी विभागाला हे पटवण्यात रेखाचित्रापेक्षा जास्त वेळ गेला!

आम्ही कार्बाइडची प्रत तीच ठेवली, होल्डरमध्ये बसणाऱ्या पोलादी दांड्याला ग्राइंडिंग करून तो गुळगुळीत केला आणि चिखल बाहेर पडावा म्हणून त्यावर खाच दिली. ब्रेझिंगमध्येही, म्हणजे कार्बाइडचे टोक वितळलेल्या धातूने पोलादाला जोडण्याच्या कामातही, बदल केला. तापल्यावर पोलाद कार्बाइडच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते, म्हणून घाईने थंड केलेल्या सांध्यात ताण राहतो. जोडलेला भाग उघड्यावर ठेवण्याऐवजी कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ दिला.

खाणीतून परत आलेली ड्रमच्या मधल्या भागातील पिक सर्व बाजूंनी सारखी झिजलेली होती. कडेची मात्र अजून तुटतात. तिथे होल्डरचा कोन तपासावा लागेल, आणि तो यंत्र बनवणाऱ्याच्या हातात आहे. त्याचे रेखाचित्र आम्ही मागितले आहे.