माप मोठ्या माणसाच्या बोटाचं

त्या मुलाला खरूज नाही, याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या बहिणीचे हात होते. ती अकरा वर्षांची, तो सात. दोघं एकाच अंथरुणावर झोपतात, एकच पांघरूण घेतात. आणि हिच्या बोटांच्या बेचक्या स्वच्छ, मनगटं स्वच्छ, रात्री खाज नाही. खरूज असती तर इतक्या महिन्यांत तिने या मुलीला सोडलं नसतं. त्याला होतं ते इसब.

शाळेला मात्र खात्री होती. ‘खरूज बरी झाल्याशिवाय पाठवू नये’ अशी चिठ्ठी देऊन त्याला घरी बसवलेलं. मग खरजेचं औषध झालं, ते संपल्यावर पुन्हा तेच, पुन्हा तेच. बेंझिल बेंझोएट धडधाकट कातडीवरसुद्धा चुणचुणतं. फुटलेल्या इसबावर ते अंगभर चोपडल्यावर काय होत असेल, याचा विचार लिहून देणाऱ्यांपैकी एकानेही केलेला दिसला नाही. पोरगं ओरडायचं, आणि ‘आग होतेय म्हणजे औषध लागू पडतंय’ अशी घरच्यांची समजूत. मध्ये कुणीतरी रक्ताची आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी निगडित प्रथिनाची, तपासणीही करून घेतली होती. आकडा वाढलेला आला, कागदाची घडी होऊन पिशवीत गेला, उपचारात तसूभर फरक पडला नाही. इसबाच्या निदानाला प्रयोगशाळा लागत नाही. १९९४मध्ये ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या गटाने निकष ठरवून दिले, ते नुसते विचारून आणि बघून लावता येतात: गेल्या वर्षभरात खाज होती का, आणि त्यासोबत पाच गोष्टींपैकी किमान तीन. कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्यांत पूर्वी त्रास झाला होता का, आत्ता तिथे दिसतोय का, दमा किंवा तसलं काही आहे का, कातडी अंगभर कोरडी असते का, वयाच्या दोन वर्षांच्या आत सुरू झालं का. या मुलाला पाचही लागू होत होते.

पण निकष पाठ असून भागत नाही, कारण आमची पुस्तकं गोऱ्या कातडीची. त्यांत इसब लालभडक असतं. सावळ्या, काळ्या कातडीवर ते राखाडी, जांभळट, कधी नुसतंच गडद तपकिरी दिसतं, आणि ‘लाली नाही, म्हणजे सौम्य आहे’ असा शेरा पडतो. मी डोळ्यांच्या आधी बोटं वापरते. गुडघ्यामागची कातडी चिमटीत धरली तर जाड, खरखरीत लागली. वर्षानुवर्षं खाजवल्याशिवाय कातडी अशी होत नाही. घोट्याजवळ पिवळे पापुद्रे होते आणि खालून पाणी येत होतं, म्हणजे जंतुसंसर्गही. ताप नव्हता. छिद्रकाने पाडल्यासारखे एकसारखे गोल व्रण मी अशा वेळी मुद्दाम शोधते. इसबावर नागिणीच्या कुळातला विषाणू पसरला तर ते दिसतात, आणि मग तो रुग्ण आमच्या आरोग्य केंद्रात ठेवायचा नसतो, ताबडतोब पुढे पाठवायचा असतो. इथे तसं काही नव्हतं.

“मलम कोण लावतं?”

“मीच,” बहीण म्हणाली. आई पहाटे कामाला जाते, अंधार पडल्यावर येते. वडील नाहीत.

“मग दाखव बघू मला, कसं लावतेस ते.”

हे मी प्रत्येकाला करायला लावते. डबीवर काय लिहिलंय त्याच्यापेक्षा यातून जास्त कळतं. तिने पिशवीतून बीटामेथॅसोनची, म्हणजे स्टेरॉइड मलमाची, ट्यूब काढली, अर्ध्यापर्यंत गुंडाळलेली. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका बोटावर घेतला आणि तेवढ्यात अख्खा गुडघा उरकला. फार निगुतीने, हलक्या हाताने, कडेपर्यंत पुरवून. मी म्हटलं, एवढंसंच का? तर म्हणे, महिनाभर पुरवायचं असतं.

आता हा हिशेब सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. हे माप १९९१ पासून रूढ आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या एका हाताला अशी अडीच मापं लागतात, एका पायाला साडेचार. या मुलाचे दोन्ही हात नि दोन्ही पाय भरलेले होते, म्हणजे चौदा मापं, ७ ग्रॅम, दिवसाला. आमच्याकडून जाते ती ट्यूब १५ ग्रॅमची. दोन दिवस. आमच्या मागणीपत्रकात मात्र ‘एक रुग्ण, एक ट्यूब, एक महिना’ असंच धरलेलं आहे. ते कुणी, कधी ठरवलं याचा मी शोध घेतलाय. सगळे वर बोट दाखवतात. मग तोच रुग्ण पुढच्या महिन्यात तसाच परत येतो आणि केसपेपरवर आपण लिहितो ‘उपचारांना प्रतिसाद नाही’. काही जण त्याहून जोरदार स्टेरॉइड लिहून मोकळे होतात. कातडी पातळ होण्याची भीती खरी तिथे सुरू होते, नेमून दिलेल्या मलमाच्या दहा-बारा दिवसांत नव्हे.

मलमाचं एकवेळ निभावतं. दिवसातून एकदाच लावलं तरी दोनदा लावण्याइतकाच गुण येतो, हे २०२२च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, नीट मांडलंय. भडका शमल्यावर आठवड्यातून फक्त दोन दिवस, जिथे नेहमी उठतं तिथे, लावत राहिलं तर पुन्हा उसळण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येतं, हेही त्यातच आहे. ज्यांच्याकडे ट्यूबा मोजक्या आहेत त्यांना यापरती चांगली बातमी नाही, आणि ती आमच्यापर्यंत कुठल्याही परिपत्रकातून आली नाही.

खरं घोडं पेंड खातं ते वंगणापाशी. कोरडी कातडी म्हणजे भेगा पडलेली भिंत. ती लिंपली नाही तर वरून कितीही स्टेरॉइड लावा, खाज परत येते. लिंपायला अशा मुलाला आठवड्याला पाव किलोच्या घरात लागतं. महागडी क्रीम लागत नाहीत. लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट ५५० मुलांच्या चार गटांत एकेक लावून पाहिली, तर गुण सारखाच आला. हाही अभ्यास २०२२चाच. म्हणजे साधी पेट्रोलियम जेली चालते. आणि ती आमच्या भांडारात होती! मोठ्या डब्यांत, ‘ड्रेसिंगचं साहित्य’ या सदराखाली, नळ्या घालताना बोटभर वापरायला.

“ते पेशंटला द्यायचं नसतं, मॅडम,” फार्मासिस्ट म्हणाले. “ते औषध नाही.”

माणूस वाईट नाही. लेखापरीक्षण आलं की उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. शेवटी केसपेपरवर प्रमाण घालून, सही-शिक्का मारून मी ती औषध म्हणून लिहून दिली आणि पहिला डबा निघाला. मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव केला. आनंद आहे. जेलीचं सदर कोणतं, याचा निकाल अजून भांडाराच्या दारातच लागतो.

प्रतिजैविक सुरू केलं आणि पापुद्रे निघाल्यावर त्या मुलीला बसवून सगळं शिकवलं. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच जेली, केसांच्या दिशेने, खालच्या बाजूला. डब्यात हात घालायचा नाही, स्वच्छ चमच्याने काढायची. मलम रात्री एकदा. संसर्ग गेल्यावर पहिले काही दिवस मलम-जेलीवर ओलसर सुती कपडा आणि त्यावर कोरडा. हे ओलं बांधणं नीट जमलं तर दोन-तीन रात्रींत पोर झोपायला लागतं, आणि ते बघण्यासारखं असतं. ती एकेक गोष्ट लगेच करून दाखवत होती. मग तिने ट्यूब दाबून आपल्या तर्जनीवर रेघ काढली आणि माझ्या लक्षात आलं, हे माप मोठ्या माणसाच्या बोटाचं आहे. हिचं पेर केवढंसं! एका पुठ्ठ्यावर मी अडीच सेंटीमीटरची रेघ आखून दिली, शेजारी हात-पाय काढून त्यांत रेघा किती ते लिहिलं. बोट नाही, ही रेघ बघायची.

तिने ते तंतोतंत केलं. आमच्याकडे पोएमची प्रश्नावली वापरतो: गेल्या आठवड्यात खाज किती दिवस, झोपमोड किती रात्री, रक्त, पाणी, भेगा, पापुद्रे, कोरडेपणा; सात प्रश्न, २८ पैकी गुण. जितके कमी तितकं बरं. मुलगा २४वर आला होता, तो ६वर उतरला. महिन्यातून एकदा येणारे त्वचारोगतज्ज्ञ खूश झाले, त्याचे आधीचे-नंतरचे फोटो त्यांनी प्रशिक्षणासाठी मागून घेतले. ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असं मी शाळेला लिहून दिलं. मजकूर कुणी वाचला की नाही माहीत नाही, शिक्का बघून त्याला घेतलं.

त्याच भेटीत सहज विचारलं, “तू आज शाळेत नाही गेलीस?”

“मी नाही जात आता. सकाळी याची आंघोळ, जेली. मग दुपारी. मग रात्रीचं बांधणं. उशीर होतो, बाई रागावतात.”

पोएमच्या सात प्रश्नांत झोप आहे, ती मुलाची. त्याच्या शेजारी झोपून रात्री दोनदा उठणाऱ्या मुलीच्या झोपेला त्यात रकाना नाही, आणि २४चे ६ झाले ते तिच्याच दिवसाच्या जिवावर. शिवाय घरचा विस्तवही तीच सांभाळते. जेली मुरलेले कपडे झटकन पेट घेतात, धुऊनही ती पुरती निघत नाही. भावाला विस्तवापासून लांब ठेव म्हणून तिला बजावलेलं होतंच. तेलकट बाह्या मात्र तिच्याही होत्या.

आईला सुट्टीच्या दिवशी बोलावून शिकवलं. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “मला जमेल हो, पण तो तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.” आमच्या सिस्टरचं मत वेगळंच. “मॅडम, प्रत्येक घरी कुणीतरी हे करतंच. आजी असती तर तुम्ही विचारलं असतं का?” नसतं विचारलं, बहुतेक. पण आजीची शाळा बुडत नाही.

म्हणून मी आखणी बदलली. दुपारची जेली बंद. सकाळची तो स्वतः लावतो, हात पोचेल तिथे. सात वर्षांच्या मुलाला आपले हात-पाय येतात. पाठ, मान आणि आठवड्यातल्या दोन रात्रींचं मलम आईकडे, रडला तरी. ओलं बांधणं फक्त भडकलं तर. मुलगी शाळेत जाते, रोज नाही, पण जाते. मुलाचा पोएम १० झाला आहे, म्हणजे ‘सौम्य’मधून तो ‘मध्यम’मध्ये गेला. गुडघ्यामागे पुन्हा जाडसर लागतंय.

तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. हाती आलेला रुग्ण आपण सोडतोय, असं त्यांचं म्हणणं. पहिली आखणी परत सुरू करा, असं त्यांनी केसपेपरवर लाल शाईने लिहिलंय. त्वचेपुरतं त्यांचं बरोबर आहे. मी अजून बदललेलं नाही. पुढच्या भेटीत १०चे १४ झाले तर काय करायचं, हे मला ठरवता येत नाहीये.