ग्लेझ धरलं, पण बेत बदलतोय

ग्लेझ धरलं! आरशासारख्या ग्लेझने झाकलेला, गोठवलेला मूस केक रात्रभर फ्रिजमध्ये डीफ्रॉस्टला ठेवला होता. सकाळी पाहिलं तर कडा जागच्या जागी, बोर्डावर पाण्याचा थेंब नाही, आणि सुरी फिरवली तरी पापुद्रा मूसला चिकटूनच राहिला. मागच्या कितीतरी नोंदी ज्या एका दुखण्याभोवती फिरत होत्या, ते डीफ्रॉस्ट होताना ग्लेझ सुटण्याचं दुखणं एकदाचं गेलं.

बाकीचं आधी उरकते. संत्र्याचं इन्सर्ट (मूसच्या पोटातला फळाचा थर) पेक्टिन एनएचवर, म्हणजे पुन्हा वितळवता येणाऱ्या पेक्टिनवर, पक्कं झालंय, कापल्यावर धार सरळ राहते. हेझलनटचा कुरकुरीत थर प्रालीन (साखरेत भाजलेल्या दाण्यांची पेस्ट) आणि चॉकलेटमध्ये बांधल्यामुळे ओल धरत नाही, डीफ्रॉस्ट झाल्यावरही दाताखाली वाजतो. आणि क्रीम फेटताना सॉफ्ट पीकच्या (मऊ, झुकणारं टोक येण्याच्या) थोडं अलीकडेच थांबवायचं, यावर मी आता वाद घालणार नाही. पुढे गेलेल्या क्रीमचं मूस रवाळ होतं आणि कितीही हळू हाताने मिसळलं तरी ते सुधारत नाही.

आता ग्लेझ. लक्षण तुम्हाला आठवत असेल: ओतताना आरसा, गोठलेला असेपर्यंत आरसा, आणि डीफ्रॉस्ट होता होता बाजूंचं ग्लेझ ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखं सुटून खाली येतं.

पहिला संशय जिलेटिनवर होता. माझं प्रमाण नेहमीचंच: साखर ३००, ग्लुकोज ३००, पाणी १५०, कंडेन्स्ड मिल्क २००, व्हाइट चॉकलेट ३००, जिलेटिन २० ग्रॅम. पण हे २० ग्रॅम २०० ब्लूमचे (ब्लूम म्हणजे जिलेटिनची घट्ट धरायची ताकद), आणि माझ्या पावडरीच्या पाकिटावर ब्लूमचा आकडाच नव्हता. पाकिटावर पाककृती छापायला जागा असते, पण जो एक आकडा खरोखर लागतो तो नसतो, याचा मला मनापासून राग येतो. आता ब्लूम छापलेला नसेल तर मी ते पाकीट घेतच नाही. नवी पावडर १६० ब्लूमची मिळाली. इथे सरळ त्रैराशिक चालत नाही, दोन ब्लूमच्या भागाकाराचं वर्गमूळ घ्यावं लागतं. २०० भागिले १६० म्हणजे १.२५, त्याचं वर्गमूळ साधारण १.१२, म्हणून २० च्या जागी २२.४ ग्रॅम. त्रैराशिकाने २५ आले असते आणि ग्लेझ रबरासारखं झालं असतं.

याने थराची जाडी सुधारली, पण घसरण तशीच राहिली. मग सुटलेला पापुद्रा हातात घेऊन नीट पाहिला. तो स्वतः अखंड आणि लवचिक होता, फाटलेला कुठेच नव्हता. म्हणजे ग्लेझ कमजोर नव्हतंच, ते मूसला धरत नव्हतं. बिघाड दोन थरांच्या मधे होता, आणि तिथे एकच गोष्ट असू शकत होती: हिम.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर ठरावीक वेळाने आतली कॉइल गरम करून बर्फ वितळवतो. त्या चढउतारात हवेतली ओल उघड्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक होऊन बसते. मोल्डमधून काढून ‘तयार’ ठेवलेला केक नेमका तिथे मार खातो. बाहेर ओट्यावर ठेवला तर काही मिनिटांतच दमट हवेने तो पांढरा दिसायला लागतो. त्यावर कोमट ग्लेझ पडलं की स्फटिक वितळतात, पाण्याची पातळ फिल्म मधे अडकते आणि लगेच पुन्हा गोठते. डीफ्रॉस्टला तीच फिल्म पाणी होते आणि ग्लेझ तिच्यावरून घसरतं.

खात्री करायला एकाच भांड्यातल्या ग्लेझने दोन छोटे घुमट झाकले. एक थोडा वेळ उघडा ठेवला होता, दुसरा मोल्डमधून काढल्या काढल्या ओतला. पहिल्याचं सुटलं, दुसऱ्याचं राहिलं.

म्हणून आता क्रम असा: ग्लेझ ३३ अंशांवर येईपर्यंत केक मोल्डमध्ये, मोल्ड फ्रीझरमध्ये. मग सोडवायचा, कोरड्या हातमोज्याचा तळवा एकदा सगळीकडून फिरवून हिम पुसायचं (टिश्यूचे तंतू चिकटतात) आणि एका दमात ओतायचं. तापमान ग्लेझमध्ये बुडवायच्या प्रोब थर्मामीटरनेच बघा. इन्फ्रारेड फक्त वरची साय मोजतो, आणि ती आतल्यापेक्षा गार असते.

राहिला प्रवास, कारण हा केक दुसऱ्यांच्या घरी न्यायचाय. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू (ज्याच्या खाली गार वस्तूवर दव धरतं ते तापमान) साधारण २४ अंशांवर असतो. केक निघतो ४ अंशांवरून, म्हणजे उघड्यावर त्याला घाम फुटणारच आणि आरसा डागाळणार. त्यामुळे ग्लेझ बसलं की केक घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यातच फ्रिजमध्ये, डब्यातच गाडीत. दव डब्याच्या बाहेरून धरलं तर धरू दे. झाकण वाढायच्या वेळीच काढायचं. २४ अंश आणि ५० टक्क्यांच्या एसी खोलीत दवबिंदू १३ च्या आसपास येतो, तिथे उसंत जास्त मिळते. ग्लेझऐवजी वेल्वेट स्प्रेचा (चॉकलेट आणि कोको बटरच्या मखमली फवाऱ्याचा) विचार केला होता, पण त्यावर एक थेंब पडला तरी डाग उठतो, म्हणून बाद.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. केक खायला जमणाऱ्यांत काहीजण जिलेटिन खात नाहीत. आगार (चायना ग्रास) फ्रीझरमधून काढल्यावर पाणी सोडतं, म्हणून तो पर्याय मी केव्हाच सोडला होता. पण इन्सर्ट तर आधीच पेक्टिनवर आहे! मूसमधलं जिलेटिन काढलं तरी डार्क चॉकलेटचं कोको बटर त्याला धरून ठेवेल, फक्त चॉकलेटचं प्रमाण थोडं वाढवायचं. मग जिलेटिन उरतं ते एकट्या ग्लेझमध्ये, आणि एनएचवरचं न्यूट्रल (बिनरंगी, पारदर्शक) ग्लेझ गोठलेल्या केकवर चालतंच. ते पुन्हा वितळवता येतं, म्हणजे उरलेलंही वाया जाणार नाही. व्हाइट चॉकलेटची अपारदर्शक चमक मिळणार नाही, पण खालचं गडद मूस आरपार दिसलं तर मला ते जास्तच आवडेल.

तेव्हा बेत बदलला. गोलाऐवजी लांबट लॉग मोल्ड घेणार, म्हणजे प्रत्येक कापात इन्सर्ट सारखं येईल. व्हाइट चॉकलेटचं ग्लेझ सध्या बाजूला. एनएच साखरेत कोरडं मिसळून पाण्यात भुरभुरवायचं, चांगली उकळी आणायची, मग आम्ल, इथपर्यंत मला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणी ते ओतून केलं असेल (स्प्रेने नव्हे), तर थर किती जाड बसला आणि कोणत्या तापमानाला ओतलंत, ते नक्की सांगा. आज रात्री छोट्या घुमटांवर चाचणी लावतेय.