पर्थ ते लंडन : सोळा तासांचा फसवा हिशेब

पर्थ आणि लंडनचे हीथ्रो या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 14,500 किलोमीटर आहे. अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने त्याला ताशी 900 किलोमीटरने भागून 16 तास 7 मिनिटे हा वेळ दाखवला. तिकिटावर मात्र साडेसतरा तास होते. हा जास्तीचा वेळ विमान कंपनीने उशीर झाकण्यासाठी हाताशी ठेवला असणार, असे मी गृहीत धरले आणि हीथ्रोहून सकाळी 7 वाजता सुटणाऱ्या बसचे, पैसे परत न मिळणारे तिकीट काढून मोकळा झालो. बस चुकली, नव्या तिकिटाला 34 पौंड पडले.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवासही तिच्यात धरलेला असतो. शिवाय या मार्गावर पश्चिमेकडे जाताना उंचावरचे वारे समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास त्यामानाने लवकर उरकतो. सरळ रेषाही दरवेळी मिळत नाही : एप्रिल 2024 मध्ये इराणचे आकाश टाळण्यासाठी या थेट उड्डाणाला सिंगापूरला उतरून इंधन घ्यावे लागले होते.

आम्ही पर्थहूनच 50 मिनिटे उशिरा निघालो आणि नेमके सकाळच्या गर्दीत हीथ्रोवर पोहोचलो. तिथे उतरणाऱ्या विमानांना बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणांवर घिरट्या घालत थांबवतात. समोरच्या पडद्यावरचे चिमुकले विमान लांबट वर्तुळे काढत होते आणि ‘उरलेला वेळ’ 19 मिनिटांवर आला की पुन्हा 23 वर जात होता. सतरा तास निमूट बसलेले प्रवासी त्या पाव तासात खरे चिडले. उतरल्यावरही जागा रिकामी नाही म्हणून आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे, आणि त्यानंतर पारपत्र तपासणीची रांग. मी बाहेर आलो तेव्हा 7 वाजून 50 मिनिटे झाली होती. मधल्या सतरा तासांबद्दल तक्रार नाही.

अंतराची संकेतस्थळे वेळेसाठी निरुपयोगी आहेत. त्याऐवजी त्याच उड्डाणाच्या मागच्या आठवडाभरातील प्रत्यक्ष उतरण्याच्या वेळा पाहाव्यात, त्यांतली सर्वांत उशिराची धरावी आणि पुढच्या वाहनासाठी तिच्यापुढे तीन तास ठेवावेत. पर्थची घड्याळे वर्षभर तीच राहतात, लंडनची उन्हाळ्यात एक तास पुढे जातात. त्यामुळे दोन्हींतला फरक कधी आठ तासांचा, कधी सातचा असतो, हेही तपासावे. सिंगापूरमार्गे गेल्यास अंतर जेमतेम 300 किलोमीटरने वाढते, वेळ मात्र थांब्याप्रमाणे कित्येक तासांनी. तरीही परतीचे तिकीट मी सिंगापूरमार्गेच काढले आहे.