पेटी झाडीत पडली हा

शनिवार, रात्र

पावसाने संध्याकाळपासून धरलंय. बोटी 1 जूनपासून वर काढलेल्या, ताडपत्रीवर पाणी वाजतंय ते घरात ऐकू येतंय. झोप येत नाही. आयेचं एक वाक्य दुपारपासून डोक्यातून हलत नाही.

झालं एवढंच, की बाबूने माझा सिनेमा लावला. माझा म्हणजे स्टार ट्रेक ह्या अवकाशातल्या सिनेमांच्या मालिकेतला दुसरा, 1982चा, ‘द रॅथ ऑफ खान’. कितव्यांदा ते मोजत नाही आता. आणि दरवेळी शेवटच्या मिनिटाला मी तो बंद करते. त्यातला स्पॉक मरतो, त्याची शवपेटी अवकाशात सोडतात, त्यानंतर थोडं पाहायचं आणि बंद. आज लॅपटॉप बाबूच्या मांडीवर होता. मी हात पुढे केला तर म्हणाला, “रवांदे गो आत्ये, बघूया ना.”

मला राग आला. अजून थोडा आहे.

ह्या सिनेमात मरण पहिल्या दहा मिनिटांतच येतं, ते खोटं. परीक्षा असते, जहाज वाचूच शकत नाही अशी रचलेली, आणि त्यात स्पॉक पडतो. मग उठून उभा राहतो. त्याचा मित्र कर्क, त्याने आपल्या वेळी ती परीक्षा कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून जिंकलेली. हरायचं कसं ते तो शिकलेलाच नाही. शेवटी जहाज खरंच सापडतं कचाट्यात, स्पॉक इंजिनाच्या खोलीत किरणोत्सारात शिरतो, सगळ्यांना वाचवतो, आणि कर्क काचेच्या ह्या बाजूला. दार उघडता येत नाही. दोघे काचेला हात लावतात. हे ज्याने बघितलं त्याला आणखी काही दाखवायची गरजच काय? पण आधी काही प्रेक्षकांना सिनेमा दाखवून पाहिला, शेवट फार काळवंडलेला वाटला, आणि एक शॉट जोडला. नव्या ग्रहावर हिरव्यागार झाडीत ती पेटी अलगद उतरलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये घेतलाय तो. दिग्दर्शक निकोलस मायर शेवटपर्यंत विरोधात होता. मेला म्हणजे मेला, असं त्याचं म्हणणं. मी मायरच्या बाजूची. मी हे बाबूला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, “तेका नको होतो तर नको. माका होयो.”

माझा भाऊ, म्हणजे बाबूचा बाप, समुद्रात नाहीसा झाला तेव्हा पोटात होता तो. चार महिन्यांचा.

खोटी आशा काय करते ते मी बघितलंय, म्हणून मला तो शॉट नको असतो. 11 नोव्हेंबर 2009ला फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या मध्ये जमिनीवर चढलं, पण त्याआधी आमच्या दारावरून गेलं. नंतरचे कितीतरी दिवस रोज कोणीतरी यायचं आणि सांगायचं, अमक्या बंदरात एक बोट लागलीय म्हणतात. वहिनी प्रत्येक वेळी साडी बदलून तयार. तिला ‘आता पुरे’ कोणी म्हणायचं? मीच म्हटलं एकदा. त्याचं... असो.

सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा माणूस मेला असं धरून चालतो. 2016 उलटल्यावर कागदांसाठी फिरले ती मीच. सगळे म्हणायचे, तू शिकलेली, तू जा. मला कोणी विचारलं नाही की तुला जायचंय का. दाखला हातात आला तेव्हा घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही दोन दिवस, जणू मीच त्याला मारून आले. आणि दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण काय, तर अरबी समुद्र. मी तो रकाना कितीदा वाचला. अरबी समुद्र म्हणजे कुठे?

तर आज दुपारी तो शॉट आला. आये दारात बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती, तिला काय समजत होतं की नव्हतं, मधेच मान वर करायची. बाबूने तिथेच थांबवला आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. आयेने हात थांबवले. नखात आठळीचं पातळ पांढरं साल अडकलेलं, ते तसंच. बराच वेळ बघून म्हणाली, “पेटी झाडीत पडली हा मां? मगे गावतली कोणाक तरी.”

आणि परत आठळ्या.

मी इतकी वर्षं त्या शॉटशी भांडतेय कारण तो म्हणतो, हा परत येईल. आयेने तसं काही ऐकलंच नाही त्यात. माणूस उठेल का, हे तिने विचारलं नाही. ती बघत होती पेटी कुठे आहे ते. झाडी आहे, जमीन आहे, कोणीतरी तिथवर जाऊ शकेल, कोणाला तरी ती सापडेल. बस.

म्हणजे तिला तो जिवंत हवाय असं मी धरून चालले, ते चुकलंच की काय माझं? सर्वपित्रीला ती त्याच्या नावाचं पान बाहेर ठेवते, ते दाखल्याच्याही आधीपासून. मी बघत होतेच. तिला मेला हे केव्हाच कळलं होतं. फक्त कुठे ते हवं होतं. आणि मी तिला दाखला आणून दिला, रकान्यात एवढा मोठा समुद्र लिहिलेला.

मायर बरोबर होता असं मला अजून वाटतं. काचेपाशीच संपायला हवा तो सिनेमा. पण आयेसमोर हे मी म्हणणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. तिला जे दिसलं ते दिसलं.

झोपताना बाबू विचारत होता, उद्या तिसरा लावूया काय, 1984चा. त्यात ती पेटी मिळते. उघडतात तर आत कोणी नसतं. मी हो म्हटलं, फक्त आजीला बसवू नको म्हणाले. तो बरं म्हणाला.

मग दिवा घालवून आले, परत गेले त्याच्या खाटेपाशी. म्हटलं, बसली तर बसू दे.