स्टीरिओ केबलपायी गेलेले अकरा दिवस

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण मला ते वेळेत कुणी सांगितलं नाही. दोन्ही टोकांच्या जॅकवर दोन-दोन काळ्या पट्ट्या असलेली केबल दुकानात 'स्टीरिओ केबल' म्हणून मिळते. तिचं एक टोक गिटारच्या प्रोसेसरच्या हेडफोन जॅकमध्ये आणि दुसरं मिक्सरच्या एका चॅनेलला लावलं, तर गिटार स्टीरिओ होत नाही, गिटार नाहीशी होते. माझे यात अकरा दिवस आणि दोन तालमी गेल्या, आणि राग अजून उतरलेला नाही.

मी पुण्यात भावगीतांच्या कार्यक्रमांना गिटारची साथ करतो. इतकी वर्षं अ‍ॅम्पपुढे माइक ठेवायचो. यंदा डिजिटल प्रोसेसर घेतला. अ‍ॅम्प, कोरस (थरथर), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमी) सगळं एका पेटीत. हेडफोन लावून पिंग-पाँग डिले पहिल्यांदा ऐकला, तेव्हा एक सूर डाव्या कानातून उजव्या कानात जायचा, परत डावीकडे यायचा, आणि दर खेपेला थोडा विरायचा. आईने जेवायला दोनदा हाक मारली, ती ऐकूच आली नाही. हेच सभागृहात ऐकवायचं, असं त्याच रात्री ठरवलं. प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंग, दोन दिवसांत तयार झाले, त्यात काही अडलं नाही.

अडलं ते तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. "प्रोसेसरमधून मिक्सरला स्टीरिओ न्यायचंय, दोन केबली द्या," म्हटलं. दुकानदार म्हणाला, "दोन कशाला दादा? ही घ्या, स्टीरिओच आहे, एकीत काम होतंय." मी विश्वास ठेवला. तालमीला हेडफोनच्या जॅकमधून ती मिक्सरच्या तिसऱ्या चॅनेलला लावली.

जो आवाज आला तो असा: तारेवर नखी पडल्याचा ठोका नाही, सुराला अंग नाही, फक्त मागची घुमी. विहिरीच्या तळाशी कुणी वाजवतंय आणि आपण काठावर उभे आहोत, तसं. गाणाऱ्या ताई थांबून म्हणाल्या, "तुझी गिटार कुठंय रे? नुसता वारा येतोय."

गेन वाढवला, घुमीच वाढली. रिव्हर्ब वाढवला तर आवाज थोडा मोठा झाला, आणि तिथेच मी फसलो. रिव्हर्बने आवाज येतोय म्हणजे इफेक्ट कमी पडतायत, असं वाटलं. घरी येऊन सगळे प्रीसेट रिव्हर्बने भरले. पुढच्या तालमीत आणखी वाईट. मग मल्टीमीटर काढला. केबलचे तिन्ही भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यवस्थित बीप देत होते. हेडफोनमध्ये सगळं उत्तम. म्हणजे पेटी बिघडली, या समजुतीने फॅक्टरी रीसेट मारला आणि चौदा प्रीसेट गेले. (रीसेटच्या आधी बॅकअप घ्या. हे खरं तर वर लिहायला हवं होतं.)

दहाव्या रात्री छोटा मिक्सर घरी आणला आणि सगळे इफेक्ट बंद करून नुसता अ‍ॅम्प ठेवला. पूर्ण शांतता. मिक्सरचा दिवासुद्धा लुकलुकेना. हेडफोन लावले तर गिटार ठणठणीत. मग काहीतरी करून बघायचं म्हणून प्रोसेसरच्या शेवटी असलेला पॅन, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या बाजूला सरकवणारा कंट्रोल, डावीकडे ढकलायला लागलो. जसजसा सरकवला तसतशी गिटार वर येऊ लागली. अगदी डावीकडे नेला तर भरदार, अंगासकट. अगदी उजवीकडे, तीच गोष्ट. मध्यावर आणला की गायब. हे मी पाच-सहा वेळा करून पाहिलं, कारण पटतच नव्हतं.

सकाळी आमच्या साउंडवाल्या काकांना फोन केला. ते ऐकून घेत म्हणाले, "अरे, मिक्सर वजाबाकी करतोय." मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते. माइकच्या लांब केबलीत एका तारेत सूर सरळ जातो, दुसरीत उलटा. वाटेत शिरलेली विजेची गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच असते. मिक्सर एकातून दुसरं वजा करतो, सूर दुप्पट होतो, गुणगुण पुसली जाते. माझ्या केबलीत एका तारेत डावी बाजू होती, दुसरीत उजवी. इफेक्ट नसलेली गिटार दोन्हीकडे हुबेहूब सारखी, म्हणून मिक्सरने तिला गुणगुण समजून पुसलं. डाव्या-उजव्यात फरक होता तो फक्त डिले आणि रिव्हर्बमध्ये, तेवढाच उरला. दहा दिवस मी गिटारमधला फक्त फरक ऐकत होतो!

उपाय वीस मिनिटांचा. एकेक काळी पट्टी असलेल्या दोन साध्या गिटारच्या केबली, पेटीच्या मागच्या लेफ्ट आणि राइट आउटपुटमधून मिक्सरच्या दोन चॅनेलला. एक चॅनेल पॅन पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. हे पॅन विसरू नका. दोन्ही नॉब मध्यावर राहिले तर केबली बरोबर असूनही ऐकू येणार मोनोच, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज.

प्रोसेसरमधल्या इफेक्टांच्या साखळीतली जागाही बघा. गिटार मुळात मोनो असते, स्टीरिओ जन्मतो तो कोरस-डिलेपाशी. त्याच्या नंतर एखादा मोनो इफेक्ट ठेवला की दोन्ही बाजू परत एक होतात. म्हणून अ‍ॅम्प आणि डिस्टॉर्शन आधी, स्टीरिओ इफेक्ट नंतर. माझा डिले आता डावीकडे ३३३ मिलिसेकंद आणि उजवीकडे ५००. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गाण्यात ते अर्ध्या आणि पाऊण मात्रेवर बरोबर बसतात.

आणखी एक, बऱ्याच सभागृहांत स्पीकर मोनोच चालवतात, तेव्हा दोन्ही बाजू एकत्र करून ऐकल्याशिवाय प्रीसेट पक्का करू नका. मी गिटार रुंद वाटावी म्हणून उजवी बाजू ६ मिलिसेकंद उशिरा ठेवली होती. हेडफोनमध्ये सुंदर. एकत्र केल्यावर ८३ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला सूर पुसला जातो, आणि जाड ई तारेचा सूर ८२.४ हर्ट्झ! खर्जच पोकळ झाला. कोरसचंही असंच. १९७५ साली आलेल्या रोलंडच्या जेसी-१२० अ‍ॅम्पमध्ये एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून थरथरता, आणि दोन्ही हवेत मिसळतात. ते मिसळणं तारेतच उरकलं की आवाजाची ती खोली राहत नाही. मोनो सभागृहासाठी मी कोरस जवळजवळ बंद असलेला वेगळा प्रीसेट ठेवलाय.

ती केबल वाईट नाही. एक बॅलन्स्ड आउटपुट एका स्पीकरला न्यायला उत्तम आहे, मी तशीच वापरतो. तिच्यावर लाल टेप गुंडाळून 'मोनो' लिहिलंय. दुकानात जाऊन हे सगळं समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकूनही घेतलं. परवा आमचा कीबोर्डवाला तिथे दोन केबली मागायला गेला. एकच घेऊन आला.