चवथ, मिक्सर आणि ४८ तास
चवथीच्या आधी आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला, म्हापशाला घरी खोका उघडला तर भांड्याला ही मोठी चीर, आणि नारळ तर खवून तयार! कस्टमर केअरवाला "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" एवढंच घोकत बसला. मग भाऊ म्हणाला, अगं तक्रार अधिकाऱ्याला मेल टाक, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव साइटवर द्यावंच लागतं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात तक्रारीचा निपटारा. नाव सापडलं, पण पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात (मुद्दामच असणार). शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. पोच आलीय दुसऱ्या दिवशी. तोवर वाटण शेजारच्या काकींच्या रगड्यावर.